पत्ता अपुरा

एकतीस वर्षं मी ह्या खिडकीत बसले.
समोर उपसागर. फ्रेंचमध्ये त्याचं नाव ऊब,
आणि डिसेंबरपासून तो गोठलेला.
तेव्हा नावांवर फार विसंबू नये
हे मला नोकरीच्या आधीच कळलं होतं.

गावाचं नाव डलहौसी.
कुणा स्कॉटिश उमरावाचं.
तो कधी इथे बोटीतून उतरला का,
चिखलात त्याचे बूट रुतले का,
मी विचारलं त्यांच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.
नाव उतरलं, एवढं खरं.
उतरलं आणि बसलं.

आणि जगभरचं वाट चुकलेलं टपाल
माझ्या टेबलावर.

लेगॉसहून एका मुलाची गुणपत्रिका, तीन प्रती,
जायची होती हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात.
मुदत शुक्रवारी संपत होती.
वरची तिकिटं मी माझ्या पैशांनी लावली,
नियमात बसत नव्हतं तरी.

एका नवरीचं पत्र, एडिंबराजवळच्या किल्ल्याला:
आजीची चाकाची खुर्ची
तुमच्या दगडी जिन्यावरून वर नेता येईल का?
(आमच्या सभागृहाला जिनाच नाही, इथेच लग्न करा,
असं लिहायचं फार मनात होतं.)

ॲडलेडहून एक जाड पाकीट आलं, फाटलेलं,
म्हणून वाचलं. नाहीतर मी वाचत नाही.
लाल वाळवंटात कढत पाण्याचे झरे, नाव तेच.
झऱ्यात बोटाच्या पेराएवढा मासा, नाव तेच,
जगात दुसरीकडे कुठेही नाही.
आपण ज्यात विसण घातल्याशिवाय पाय ठेवणार नाही
त्या पाण्यात तो जन्मतो,
वाढतो, पिलं घालतो,
आणि कुणा लॉर्डाचं काही देणं लागत नाही.

पास्कल पोस्टमनने भिंतीला लावलेल्या कॅलेंडरवर
हिमालयातला हिरवा पक्षी:
काळी टोपी, पिवळा गळा, लांब निळी शेपटी,
आणि खाली बारीक लॅटिन अक्षरांत
त्याच घराण्यातली कुणी बाईसाहेब.
लेओ तेव्हा कागद गिरणीत रात्रपाळीला होता.
डबा न्यायला आला की चित्राकडे बघून म्हणायचा,
किती जागा अडवली ह्या माणसांनी!
मग गिरणी बंद झाली,
आणि तो दिवसाही यायला लागला.

गुरुवारी पेन्शनला येणाऱ्या मिसेस नार्वी
मिगमाक आहेत, खाडीपलीकडच्या.
एकदा म्हणाल्या, त्याआधीही ही जागा होतीच की.
आणि नाव उच्चारून दाखवलं.
मी तीनदा म्हटलं.
त्या तिन्ही वेळा हसल्या.
आमच्या संगणकात त्याला रकाना नव्हता.

मग एका जानेवारीत सरकारने
आमचं गाव आणि शेजारचं गाव जोडलं.
नवं नाव बगळ्यांच्या उपसागरावरून.
वारस नाही म्हणून संस्थान जावं
तसं ते नाव खालसा झालं,
तोफ नाही, तंटा नाही,
फक्त रबरी शिक्के बदलून आले, एका खोक्यात, भुश्यात गुंडाळून.
मिसेस नार्वींनी सही केली, नोटा मोजल्या.
बगळे चालतील, म्हणाल्या. बगळे आमच्याही ओळखीचे.

निवृत्त होताना मी एकच गोष्ट घरी आणली,
जी आणायची नव्हती.
निळा लिफाफा. पाठवणाऱ्याचं नाव नाही.
वर शाळकरी अक्षरांत:
आईला, डलहौसी.
डोंगरातली? झऱ्याजवळची? किल्ल्यात भांडी घासणारी?
‘पत्ता अपुरा’चा शिक्का माझ्या हातात होता,
तो उठला नाही.

आत काहीतरी खुळखुळतं.
परवा लेओने कानाशी धरून हलवलं.
जर्दाळूची बी असेल, म्हणाला,
बर्फ वितळलं की लावून बघू या का?

दुसऱ्याचं टपाल उघडू नये, मी म्हटलं,
आणि खिडकीत, उन्हात ठेवलं.